दोन्ही आमच्या वहिनीच

हवल्ली, कुवेत, सोमवार, ८ जून २०२०

प्रिय अथर्व,

माझा ईमेल बघून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. फोनवर बोलता येत नाही, कारण आई दिवसभर माझ्यापासून चार हातांवर असतात. व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच. त्या माझ्या फोनवर मालिका बघतात आणि वर आलेला प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचून दाखवतात. हा लॅपटॉप मात्र त्यांना उघडता येत नाही, तेव्हा उत्तर इथेच दे.

तुला कान धरून देवरुखला परत न्यायला म्हणून त्या फेब्रुवारीत आल्या आणि विमानंच बंद झाली. तू अम्गराहून एकदाही आला नाहीस, त्यांनीही बोलावलं नाही. त्या भांडणात मी पडत नाही. मला तुझं वेगळं काम आहे.

तीन वर्षं देवेंद्र आणि मी फिंतासच्या एका क्लिनिकमध्ये उपचार घेतोय, मूल व्हावं म्हणून. तुला हे माहीत नाही, आईंनाही नाही. फेब्रुवारीत प्रयोगशाळेत एकच एम्ब्रियो, म्हणजे इवलासा गर्भ, नीट तयार झाला. तो मार्चमध्ये माझ्या पोटात ठेवायचा होता. त्या आठवड्यात क्लिनिक बंद पडलं आणि तो तिथेच गोठवून ठेवलाय. आता ते पुन्हा सुरू करतायत आणि मला १ जुलै तारीख मिळाली आहे. माझी नोकरी गेल्याचं तुला माहीतच आहे. माझा अकामा १५ जुलैला संपतो, त्यानंतर इथे राहता येत नाही, म्हणून ११ जुलैच्या विमानात माझी आणि आईंची जागा आहे. एकदा गेले की परत व्हिसा कधी, कुणालाच ठाऊक नाही. देवेंद्र इथे, मी तिथे आणि तो एम्ब्रियो फिंतासला बर्फात. म्हणजे जे काही आहे ते १ जुलैला आहे.

क्लिनिकने या वेळी नवा नियम काढलाय. पूर्वी पासपोर्टवरचं नवऱ्याचं नाव चालायचं, आता लग्नाचा दाखला अरबी भाषांतरासह हवा. साथीमुळे आमच्या हवल्लीला चारी बाजूंनी कुंपण घातलंय, उपचाराच्या दिवसाखेरीज आम्हाला बाहेर पडता येत नाही. तू बाहेर आहेस, म्हणून हे तुझ्यावर.

एक गोष्ट नीट वाच. माझा पासपोर्ट सुनेत्रा नावाने आहे. दाखल्यावर अक्षरा आहे. लग्नात माझं नाव बदललं आणि नोंदणीचा फॉर्म आईंनी भरला, त्यात त्यांनी नवंच नाव लिहिलं. मी ते नाव कधी वापरलं नाही. भाषांतर करणाऱ्याला हे शांतपणे समजावून सांग. घाई करू नकोस.

आणि आईंना एक शब्द कळता कामा नये.

तुझी,
वहिनी

अम्गरा, बुधवार, १० जून

वहिनी,

तुमचं पत्र यार्डात भंगाराच्या वजनकाट्याजवळ उभं राहून वाचलं. दोनदा. पिकअप चालवणाऱ्या सिराजने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो. तीन वर्षं! आणि दर शुक्रवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचो, "वहिनी, तुमचे डोळे का सुजलेत" विचारायचो आणि तुम्ही म्हणायचात कांदा. कांद्याच्या नावावर किती खपवलंत हो!

काम झालं समजा. झालं म्हणजे झालं. मी कॉलेज अर्धवट सोडलं, पण प्रत्येक गोष्ट अर्धवट सोडत नाही, हे घरात निदान एका माणसाला तरी कळू दे.

आता तुम्हाला धक्का देतो. तुमचं ते फिंतासचं क्लिनिक मला ठाऊक आहे. समोरच्या रस्त्यावर मी किती संध्याकाळी उभा राहिलोय ते तिथल्या बकाल्यातल्या वाण्याला विचारा. रिदा तिथे कामाला आहे. हो, तीच. रत्नागिरीला आत्याकडे राहून लॅबचा डिप्लोमा करत होती, ती. जिच्यापायी मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा सोडली असं आई गावभर सांगते, ती. परीक्षा तिच्यापायी नाही सोडली. ती परत कुवेतला गेली आणि मला पुस्तकातलं काही दिसेना, म्हणून सोडली. यातला फरक आईला कळणार नाही, तुम्हाला कळेल.

रिदाला काही सांगत नाही, घाबरू नका. पण तुमच्या फायलीला तिथे आपलं माणूस आहे एवढं लक्षात ठेवा. तिचा भाऊ काशिफ अरबी टायपिंग आणि भाषांतराचं काम करतो, सही-शिक्क्याचं. त्याच्याकडेच जातो.

दाखला कुंपणापाशी आणून द्यायला दादाला सांगा. शुक्रवारी सकाळी दहा.

अथर्व

अम्गरा, रविवार, १४ जून

वहिनी,

फत्ते!

शुक्रवारी दादा कुंपणाच्या आत, मी बाहेर, मध्ये जाळी आणि एक पोलीस. दादाने पाकीट दिलं आणि वर एक डबा. म्हणाला, "आईने घावने केलेत. उरलेत म्हणून देतेय असं सांगायला सांगितलंय." बारा घावने उरतात का हो कुठे? मी सगळे तिथेच पिकअपमध्ये बसून खाल्ले. आईला सांगू नका.

आज काशिफकडे गेलो. तो इथेच जन्मलेला. घरात त्याचे अब्बा-अम्मी कोकणीत बोलतात, हा उत्तर इंग्लिशमध्ये देतो. मी म्हटलं, हा रिदाचा भाऊ, याच्यासमोर आपण बावळट दिसायचं नाही. झटपट काम, मोजकं बोलणं.

त्याने दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवले. "ब्रो, हितं अक्षरा लिवलाय, पासपोर्टवर सुनेत्रा. हू इज हू?"

म्हटलं, "अक्षरा पण आमच्या वहिनी, सुनेत्रा पण आमच्या वहिनी."

"बोथ?"

"दोन्ही आमच्या वहिनीच."

"शुअर?"

"शंभर टक्के."

तो हसला. म्हणाला, "युवर ब्रदर इज अ लकी मॅन." मी म्हटलं, आहेच. मनात म्हटलं, पोरगा बरा आहे, न बघता तुमची पारख केली. मग त्याने खडाखडा टाइप केलं, भाषांतराखाली खुलाशाचा एक परिच्छेद घातला, माझी सही घेतली, शिक्का मारला. वीस मिनिटांत बाहेर. तिथूनच फिंतासला जाऊन रिदाच्या हातात पाकीट दिलं. मास्क, काचेची ढाल, हातमोजे, त्यातून फक्त डोळे दिसत होते. पुरे झाले.

ती म्हणाली, "तुझ्या वहिनी आहेत हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, सगळं आधी सांगितलं तर तू मला आत कशाला येऊ देशील. हसली असावी. मास्कमुळे खात्री नाही.

आता तुम्ही फक्त गोळ्या वेळेवर घ्या.

अथर्व

हवल्ली, गुरुवार, १८ जून

अथर्व,

क्लिनिकमधून फोन आला. आई समोर तांदूळ निवडत होत्या आणि मला "हो, नाही, बरं" याखेरीज काही बोलता येत नव्हतं. हारून नावाचा माणूस आहे, कागदपत्रं बघणारा. फार सभ्यपणे बोलला. म्हणाला, मॅडम, दाखला पोचला, धन्यवाद. तो तुमच्या नवऱ्याच्या पहिल्या पत्नीचा आहे. कृपया दुसऱ्या लग्नाचा दाखला पाठवा.

मला आधी कळेचना. मग त्याने तुझ्या सहीचा खुलासा वाचून दाखवला. "देवेंद्र यांना अक्षरा व सुनेत्रा अशा दोन पत्नी असून दोघीही माझ्या भावजया आहेत, असे मी त्यांचा सख्खा भाऊ या नात्याने नमूद करतो."

दोन्ही आमच्या वहिनीच. अरे, मला मान देतोयस म्हणून "आमच्या वहिनी" म्हणालास, त्याने दोन बायका मोजल्या! ज्या मुलाने मराठीत कधी कुणाला अहो-जाहो केलं नाही, त्याला काय कळणार? तू कागद वाचलास का सही करण्याआधी? अरबी येतं तुला? मी लिहिलं होतं, शांतपणे सांग, घाई करू नकोस. दोनच गोष्टी लिहिल्या होत्या.

इथे दोन लग्नांचं कुणाला काही वाटत नाही, हीच तर अडचण आहे. त्यांना ते खरं वाटलंय. सुनेत्राचं लग्न झाल्याचा कागद नाही, म्हणून सुनेत्राला उपचार नाही, एवढं साधं गणित आहे त्यांचं.

सोमवारपासून माझ्या गोळ्या सुरू आहेत. २६ तारखेच्या सकाळी इंजेक्शनं सुरू व्हायला हवीत, तेव्हापासून बरोबर सहाव्या दिवशी एम्ब्रियो आत ठेवतात. एक दिवस मागे नाही, एक दिवस पुढे नाही. डॉक्टर म्हणाल्या, २५ ला दुपारपर्यंत कागद पूर्ण नसतील तर इंजेक्शन देणार नाही, ही पाळी सोडून द्यायची. पुढच्या पाळीला मी इथे नसणार.

आज मी कांदाही चिरत नव्हते.

सुनेत्रा

अम्गरा, शुक्रवार, १९ जून

वहिनी,

तुम्ही खाली "वहिनी" लिहिलं नाहीत. कळलं.

तुमचं पत्र वाचलं आणि तसाच सुटलो. सिराजला म्हटलं, फिंतास. तो म्हणाला लोखंड उतरवायचंय. म्हटलं, लोखंड गेलं खड्ड्यात. हारूनच्या काचेसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की बाबा रे, एकच बाई आहे, नाव बदललेलं आहे. तो म्हणाला, "काल तुम्ही दोन लिहून दिल्या. आज एक म्हणता. उद्या?" मी काचेवर हात मारला. जोरात. हातच मारला, फुटली-बिटली नाही. तरी त्याने शिपाई बोलावला आणि मला क्लिनिकच्या आवारात पाऊल टाकायला मनाई केली. तिथे पोट धरून बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. रिदापण.

तिचा मेसेज आला तो जसाच्या तसा देतो. "तू वहिनीसाठी नव्हता आलास. माझ्यासमोर हिरो व्हायला आलेलास. इथे बायका महिनोन्‌महिने वाट बघून येतात, जरा आवाज झाला तर दचकतात. पुन्हा तोंड दाखवू नको." त्यावर मी चौदा मेसेज टाकले. एकाचंही उत्तर नाही. हे मी तुम्हाला का सांगतोय? कारण ती बरोबर बोलली. काशिफसमोर पण तेच केलं मी. तुमचा कागद हातात होता आणि लक्ष मी कसा दिसतो याच्याकडे.

पण वहिनी, तिने आज सकाळी एक मेसेज केला. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. क्लिनिकच्या वकिलाशी ती बोलली. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र आपल्या दूतावासातून शिक्का मारून आणलं तर ते माझा खुलासा रद्द धरतील. शपथ नवऱ्याची चालणार नाही, कारण फायदा त्याचा. माझी चालणार नाही, मी एकदा खोटं लिहून दिलंय, शिवाय लग्नात मी अकरा वर्षांचा होतो. लग्नाला हजर असलेलं, नाव बदलल्याचं स्वतः पाहिलेलं सज्ञान माणूस हवं. कुवेतमध्ये असलेलं.

असं माणूस एकच आहे. ते तुमच्यापासून चार हातांवर तांदूळ निवडतंय.

अथर्व

हवल्ली, शनिवार, २० जून

अथर्व,

नाही.

तुला तेव्हाचं आठवत नसेल, तू सतरा वर्षांचा होतास आणि घरात कमी, मैदानावर जास्त. २०१५ साली मला दिवस गेले होते. दहावा आठवडा. आम्ही सुट्टीला देवरुखला आलो आणि मी आईंच्या कानात सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत पेढे गेले होते. अकराव्या आठवड्यात सगळं संपलं. त्यानंतर महिनाभर बायका ओटी भरायला येत राहिल्या, आणि दर वेळी दार उघडून मीच सांगायचं, नाही हो, आता नाही. एका बाईला दोनदा सांगावं लागलं, तिला कमी ऐकू येत होतं. मी ओरडून सांगितलं. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो.

आई वाईट नाहीत. पण त्या दिवशी मी ठरवलं की पुन्हा जे काही होईल ते मी आणि देवेंद्र, बस. आज त्यांना सांगितलं आणि नाही झालं, तर त्या देवरुखला काय काय सांगतील आणि मला किती दारं उघडावी लागतील? ते पुन्हा करण्यापेक्षा मी १ जुलै सोडून देईन. खरंच सोडून देईन.

देवेंद्र म्हणतो, तू म्हणशील तसं. तो नेहमी तेच म्हणतो.

तुला माझी शपथ आहे, आईंना सांगायचं नाही.

वहिनी

अम्गरा, सोमवार, २२ जून

वहिनी,

मी सांगितलं.

हे वाचेपर्यंत तुम्हाला घरातल्या शांततेवरून कळलंच असेल. काल तुमच्याकडचं कुंपण काढल्याची बातमी आली आणि माझ्या डोक्यात एकच, की रस्ता मोकळा झालाय आणि तरी आपण जाणार नाही. गुरुवारला तीनच दिवस. तुमची शपथ मला दिसत होती, ती ओळ मी दहा वेळा वाचली. मग दादाच्या फोनवर फोन लावला, म्हटलं आईला दे आणि तू गॅलरीत जा.

सहा महिन्यांनी आईचा आवाज ऐकला. "कोण?" म्हणाली. जसं काही माहीत नाही.

सगळं एका दमात सांगितलं. क्लिनिक, तीन वर्षं, १ जुलै, माझा गाढवपणा, दोन वहिन्या, शपथपत्र. पेढ्यांचं पण सांगितलं. दार उघडण्याचं पण. ते सांगायला नको होतं, पण मला अर्धं सांगता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

मी म्हटलं, आई? आहेस ना? तर म्हणाली, "फोन ठेव." मी म्हटलं, आई, गुरुवारपर्यंत. "ठेव म्हटलं ना."

ठेवला. तेव्हापासून यार्डात कोण काय बोलतंय ते कानावर पडतं, आत जात नाही. तुम्ही मला आयुष्यभर नावं ठेवलीत तरी चालेल. पण तो एम्ब्रियो तिथे बर्फात पडून राहिला आणि मी शपथ पाळली म्हणून छाती काढून हिंडलो, हे मला जमणार नाही.

रागावून का होईना, लिहा.

अथर्व

हवल्ली, गुरुवार, २५ जून

अथर्व,

तू माझी शपथ मोडलीस, त्याचा राग मला आहे. तो राहू दे. आता जे झालं ते वाच.

सोमवारी फोन झाल्यावर आई आतल्या खोलीत जाऊन बसल्या. मंगळवारी दिवसभर मालिका लावली नाही. मी जेवायला वाढलं, जेवल्या, ताट स्वतः घासलं. मला वाटलं, संपलं. बुधवारी सकाळी मी दात घासत होते, त्या माझ्यामागे आरशात दिसल्या. म्हणाल्या, "पंधरा साली मी पेढे वाटले म्हणून मला सांगितलं नाहीस?"

मी तोंडात फेस असताना म्हटलं, "हो."

"आनंद एकटीच्या पोटात मावला नाही गं माझ्या." एवढंच. आणि मग, "कुठे जायचंय? साडी कुठली नेसू?"

दूतावासात फक्त त्यांना आणि देवेंद्रला आत सोडलं. पुढचं मला देवेंद्रने सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, नाव कुणी बदललं? आई म्हणाल्या, मी. आमच्यात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात. लिहिलं माझ्या मुलाने, पण सांगितलं मी. फॉर्मही मीच भरला. तिचं सुनेत्रा नाव मी कुठेच येऊ दिलं नाही. तो माणूस म्हणाला, "सुनेला विचारलं होतं?" सरकारी प्रश्न नव्हता तो, मराठी माणूस निघाला, त्याने सहज विचारलं. आई म्हणाल्या, "नाही. मला तरी कुणी विचारलेलं?"

मग त्याने लिहून घ्यायला सुरुवात केली. "तुमचं पूर्ण नाव?"

"उल्का," आई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही नाही. मालिनी लिहा. पासपोर्टवर मालिनी आहे."

आईंचं माहेरचं नाव उल्का होतं, हे तुझ्या दादाला सदतिसाव्या वर्षी काउंटरवर कळलं. तुला माहीत होतं?

घरी आल्या त्या घामाने भिजलेल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुनेत्रा, जरा पंखा वाढव." अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी पंखा वाढवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवत राहिले.

आज सकाळी देवेंद्र कागद घेऊन फिंतासला गेला. बारा वाजले, एक वाजला, काही नाही. हारून प्रत्येक पान वकिलाकडे पाठवत होता. पावणेदोनला रिदाचा फोन आला. माझा फोन आईंच्या हातात होता, त्यांनीच घेतला. "हो, मी सासू बोलतेय. काय झालं ते मला सांगा." आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली.

उद्या सकाळी पहिलं इंजेक्शन.

वहिनी

अम्गरा, गुरुवार, २ जुलै

वहिनी,

काल तुम्ही आत होतात, तेव्हा बाहेर काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. दादा तुमच्याबरोबर आत, मला मनाई, म्हणून मी रस्त्यापलीकडे पिकअप लावून उभा. आणि आई! तिला कुणी आणलं? म्हणे घरी बसवेना. मास्क, वर ती काचेची ढाल, हातात पाण्याची बाटली, सत्तेचाळीस डिग्रीत ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी म्हटलं गाडीत बस, एसी आहे. ती सिराजच्या सीटवर बसली, मी दाराशी उभा.

"जेवतोस का वेळेवर?"

"हो."

"खोटं बोलू नको. गाल बसलेत."

कॉलेजबद्दल एक अक्षर काढलं नाही तिने. मला वाटत होतं आता काढेल, आता काढेल. मग म्हणाली, "जिच्यासाठी पेपर सोडलेस ती कुठे असते?"

मी म्हटलं, "आत. इथेच कामाला आहे."

"म्हणजे आत्ता सुनेत्राजवळ तीच आहे?"

"असेल."

"फोनवर बोलली ती?"

"तीच."

तिने बाटली उघडली, परत बंद केली. वहिनी, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. मला एकाच वेळी तुमची काळजी वाटत होती आणि आईची भीती. तेवढ्यात तो काचेचा दरवाजा उघडला आणि रिदा बाहेर आली. चालत आली, हळू, त्यावरून काही कळेना. मी तिच्या डोळ्यांत बघत होतो आणि ती आईकडे बघत होती.

"आंटी, झालं. व्यवस्थित झालं. थोडा वेळ आडव्या राहतील, मग घरी."

आईने हात जोडले, नुसते कपाळाला लावले, कुणासाठी ते माहीत नाही. मग रिदाला म्हणाली, "नाव काय तुझं?"

"रिदा."

"अर्थ काय त्याचा?"

"अब्बा सांगतात, राजी असणं. समाधान."

"चांगलं आहे," आई म्हणाली. "ठेव हो तसंच. पुढे कुणी कितीही गोड बोलून बदलायला सांगितलं, तरी बदलायचं नाही."

रिदाने माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं. वहिनी, तो टायर मला नक्षीसकट पाठ झालाय. रिदा "जी" म्हणाली आणि आत गेली. जाताना तिने हारूनला काय सांगितलं कोण जाणे, तो दारात येऊन मला हात करून म्हणाला, आत येऊन बस, ऊन आहे. मी नाही गेलो. आईजवळ थांबलो.

माझ्याशी ती अजून बोलत नाही. रिदाबद्दल म्हणतोय. पण रात्री एक मेसेज आला, "तुझी आई डेंजर आहे." त्याला उत्तर म्हणून मी एकच मेसेज टाकला. चौदा नाही.

तुम्ही आता जिने चढू नका. विमानात खिडकीची नको, कडेची जागा घ्या. आणि झालं की कळवा. नाही झालं तरी कळवा. मी ओरडणार नाही कुणावर.

अथर्व

मुंबई, मंगळवार, १४ जुलै

प्रिय अथर्व,

विमानतळावरून आम्हाला थेट या हॉटेलात आणलं, चौदा दिवस इथेच. आई आणि मी एका खोलीत. दारात तीन वेळा जेवण ठेवून जातात, आई प्रत्येक वेळी आमटीला नावं ठेवतात आणि सगळी संपवतात.

फिंतासच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं काल रक्त द्यायचं होतं. क्वारंटाइनमध्ये कुणी यायला तयार होईना. चार लॅबना फोन केले. पाचवी म्हणाली, बघतो. काल दुपारी पांढऱ्या पोशाखात नखशिखांत गुंडाळलेला एक माणूस आला, दारातच स्टूल ठेवून त्याने रक्त घेतलं.

आज जेवणानंतर ईमेलवर रिपोर्ट आला. आई आडव्या झाल्या होत्या, त्यांना तिथेच झोप लागली. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि उघडला.

एकशे बारा.

हा गर्भाचा आकडा पन्नासच्या वर असला तर दिवस राहिले म्हणतात. पण एकच आकडा खरा धरायचा नाही. परवा पुन्हा रक्त द्यायचं, तो साधारण दुप्पट व्हायला हवा. नाही झाला तर हा एकशे बारा नुसताच एकशे बारा. २०१५ ला मी दहा आठवडे गप्प होते, तरी उपयोग झाला नाही. हे तर अजून दोन आठवडेसुद्धा नाहीत. शहाणपण असं सांगतं की परवापर्यंत कुणाला सांगू नये. देवेंद्रला सांगितलं. तुला सांगतेय, कारण तू म्हणाला होतास, नाही झालं तरी कळवा.

आईंना मात्र काय करावं कळत नाहीये. त्यांच्या उशाजवळ फोन आहे, त्यात देवरुखची सगळी आळी आहे. मी इथून त्यांच्याकडे बघतेय. झोपेत त्या फार लहान दिसतात. परवा आकडा चुकला तर यांच्याबरोबर याच खोलीत मला नऊ दिवस काढायचेत, दाराबाहेर पाऊल न टाकता. आणि आकडा बरोबर आला, तर आजचे हे दोन दिवस यांना न सांगता काढले, हे मला पुढे कधीतरी सांगावंच लागेल.

जाग्या झाल्या. विचारतायत, "कुणाला लिहितेस एवढं?"

मी म्हटलं अथर्वला. म्हणाल्या, "काय म्हणतोय? जेवतो का?" आणि उठून बसल्या, चष्मा शोधतायत.

चष्मा माझ्याकडे आहे. थांबते इथेच. जाऊन देते आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवते.

वहिनी